झेरॉक्सवालीचं खातं

सुजा,

आधी माफी मागते. माझं अक्षर लागत नाही, आणि शुद्धलेखनाचं तर तुला माहीतच आहे. चौथी झाल्यावर पाठच्या भावंडांना सांभाळायला आईला माणूस हवं होतं, तिथेच माझी शाळा संपली. तू असतीस तर हे वाचता वाचता पेन काढलं असतंस. "आणिला एवढं लांब शेपूट कशाला गं लावतेस, शैले? पतंगासारखा उडवायचाय का त्याला?" असं म्हणत एकेक वेलांटी फिरवली असतीस. आता फिरवायला कुणी नाही, म्हणून पडतील तशी पडू देते.

कागद तुझ्याच दुकानातले आहेत. बिघडलेल्या प्रिंटांचे पाठकोरे कागद तू मला द्यायचीस, ब्लाउजची मापं लिहायला. या पानाच्या मागे कुणाचा तरी बायोडाटा अर्धाच उमटलाय. एव्हाना लागली असेल त्याला नोकरी.

तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलायला लागला. रेशनचे फॉर्म, शाळेचे फॉर्म, जातीच्या दाखल्याचे फॉर्म, तू कुणाकुणाचं काय भरून दिलंस ते सगळे सांगत होते. एकजण म्हणाला, फॉर्म चुकला तरी ताईंनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मला तिथेच हसू आलं. तोंड तू वाकडं करायचीस, पण गिऱ्हाईक गेल्यावर, माझ्याकडे बघून.

मग तुझा भाऊ मिलिंद म्हणाला, "शैलाताई, तुम्ही रोज सोबत होतात. दोन शब्द बोला."

मी उठले. सगळे चेहरे माझ्याकडे वळले. हात जोडले आणि खाली बसले. तिथे कुणालाच माहीत नव्हतं की तू झेरॉक्सवाली होतीस. झेरॉक्सच्या दुकानात काम करायचीस, एवढं माहीत होतं. पण इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातली झेरॉक्सवाली, जिने मुलुंड, भांडुप, पवई, आरे, गोराईवर लेख लिहिले, ती त्या हॉलमध्ये कुणाच्या ओळखीची नव्हती. मला माहीत होती, आणि त्या ज्ञानकोशातल्या लोकांना, ज्यांच्यातल्या एकीखेरीज कुणी तुला कधी पाहिलं नाही.

त्या लोकांच्या लेखी तू अजून जिवंत आहेस, सुजा. ते माझ्यामुळे झालंय. त्यातून बाहेर कसं पडायचं ते मला कळत नाही आणि विचारायचं तर तुलाच विचारलं असतं. म्हणून लिहायला बसले.

तुझं दुकान आणि माझा फॉल-पिकोचा ओटा यांच्यात प्लायवूडची एक भिंत. दुपारी गल्ली पेंगायला लागली की तू मालकाच्या कॉम्प्युटरवर टाइप करत बसायचीस. मला वाटायचं कुणाचं तरी अर्जंट काम आहे. एकदा धीर करून विचारलं, "कुणाचं आहे गं एवढं मोठं?"

"कुणाचं नाही. सगळ्यांचं."

"म्हणजे फुकट."

"फुकट. वर लोकांचं ऐकून पण घ्यायचं."

मग तू सांगितलंस. तिथे कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं. आपल्या भागावर चारच ओळी होत्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या. त्या नीट करायला म्हणून तू आत शिरलीस. "शिरले ती शिरलेच," म्हणालीस, "बाहेरचा दरवाजाच सापडला नाही."

लेख चढवायच्या आधी तू मला वाचून दाखवायचीस. मी म्हणायचे, मला काय कळतंय त्यातलं. तू म्हणायचीस, "तुला कळायला नकोच आहे. तू मशीन मार." पुष्कळ दिवसांनी मला कळलं की तू माझ्या पायाकडे बघत असायचीस. वाक्य कुठे गुंतलं की माझा पाय थांबायचा आणि मान वर व्हायची. तू तिथे खूण करायचीस आणि त्या वाक्याची दोन वाक्यं करायचीस. "शैलेचा पाय थांबला म्हणजे लोकांचा पण थांबणार." मला तोंडाने कधी काही सांगावं लागलं नाही. माझ्यासारखीला याहून बरं काम कुठे मिळणार होतं? फॉल लावता लावता मी किती तलाव, किती पाडे, किती देवळं आणि चर्च ऐकली. माझ्या आईने मुंबईत सारा जन्म काढला, तिला यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

फोटोंचं पण असंच न बोलता झालं. मुलुंडच्या लेखाला बाजाराचा फोटो हवा होता. तू फोन वर केलास की भाजीवाल्या पदर सारखा करून ताठ बसायच्या, जसं काही आधारकार्डाचा फोटो आहे. तू वैतागलीस. मी दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेले तेव्हा माझ्या फोनवर एक काढला आणि तुला दाखवला. तू तो मोठा करून कडेकडेने बघितलास.

"यात कुणीच तुझ्याकडे बघत नाहीये. हे कसं केलंस?"

मी काय सांगणार. माझ्याकडे कुणी बघत नाही. लहानपणापासून तसंच आहे.

तो चढवताना तिथे विचारतात, हे चित्र कोणाचं. त्यात एक पर्याय असतो, "स्वतःचे काम". तू म्हणालीस, तुझं खातं उघडू, तुझ्या नावाने चढव. मी नको म्हटलं. नाव लिहिलं की लोक विचारतात, कोण, कुठली, शिकलीस किती. शेवटी तू तुझ्याच खात्यातून चढवलास, "स्वतःचे काम, झेरॉक्सवाली" असं, आणि मग तीच रीत पडली. सोमवारी बाजार बंद, तुझं दुकान बंद, आपण निघायचो. गोराईला होडीतून पलीकडे. पवईच्या तलावाला चालत चक्कर. आरेत बसने, शेवटच्या थांब्यापर्यंत. तू लोकांशी बोलायचीस, मी मागे मागे राहून फोटो काढायचे. आरेतल्या पाड्यावर ती म्हातारी चुलीपुढे बसली होती, आठवते? तू तिला म्हणालीस, "मावशी, तुमची विहीर जगाला दाखवायची आहे." ती फुंकणी खाली न ठेवता म्हणाली, "का, जगाला तहान लागली?" बसमध्ये बसल्यावर तू इतकी हसत होतीस की कंडक्टरने पण विचारलं, काय झालं बाई.

तो कातळ मात्र मला तेव्हा आवडायचा नाही. कातळ हे त्याचं तिथलं नाव, खरं काय ते देव जाणे. तो तिथला प्रचालक, म्हणजे कुणाचं लिहिलेलं ठेवायचं आणि कुणाचं काढायचं यावर नजर ठेवणारा. तू म्हणायचीस, म्हातारा असणार, कारण प्रत्येक वाक्याला पुरावा मागतो आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी "कळावे" लिहितो. तुझं नाव बघून त्याने पहिल्यांदा लिहिलं होतं, "झेरॉक्सवाली या नावावरून आपण इतरांचा मजकूर उतरवून घेता असा समज होईल." तू उत्तर दिलंस, "दिवसभर लोकांच्या नकला काढते, साहेब. निदान इथे तरी अस्सल लिहू द्या." त्यावर त्याने काहीच लिहिलं नाही, नुसतं "कळावे". तू ते मला वाचून दाखवलंस आणि टेबलावर हात मारलास. पुढे वर्षानुवर्षं तो तुझी वाक्यं काढायचा, तू परत घालायचीस, पुस्तकं शोधून पुरावे आणायचीस. त्याच्याशी भांडण नसलं की तुला दुपारी झोप यायची.

आपलं दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून. एका खात्यामागे एकच माणूस, असा तिथला नियम. कातळने एकदा फोटोंचं कौतुक केलं, "बाई, आपली नजर विलक्षण आहे." तू ते मोठ्याने वाचलंस आणि तुझा चेहरा उतरला.

"शैले, हे मी घेऊ शकत नाही."

"घे ना. मी तुलाच दिलेत ते फोटो."

"फोटो दिलेस. नजर कुठे दिलीस?"

मी हसण्यावारी नेलं. तू नेऊ दिलं नाहीस. म्हणालीस, तो माणूस एका शब्दाचा पुरावा मागतो आणि मी त्याला प्रत्येक चित्राखाली खोटं देते. मी म्हटलं, "कोण बघायला येतंय इथे?" तू म्हणालीस, "तू लाजतेस म्हणून मी खोटी ठरायची का गं?" असं तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. मी भिंतीच्या या बाजूला येऊन मशीन इतक्या जोरात मारलं की सुई मोडली. संध्याकाळी शटर ओढताना तू म्हणालीस, "उद्या बोलू यावर." दुसऱ्या दिवशी तुला ताप होता.

डेंग्यू निघाला. आधी सगळे म्हणत होते, चार दिवसांत उठेल. मग पेशी उतरायला लागल्या आणि मिलिंदचा आवाज बदलला. मी दवाखान्यात आले तेव्हा तुझे ओठ सुकून चिरले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, काय आणू.

"आरेच्या लेखाला फोटो नाही अजून. तो तबेल्याचा चढव."

तुझं खातं माझ्या फोनवर उघडलेलं होतंच. मागे तू गावी गेली होतीस तेव्हा तूच ठेवलं होतंस, मला चढवता यावं म्हणून. पण मी म्हटलं, "मी नाही चढवणार. बरी हो आणि तूच चढव." मला वाटलं, काम बाकी राहिलं तर तुला उठावं लागेल. तू डोळे मिटलेस. नंतर मी परत आले तेव्हा तू बोलत नव्हतीस. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, सुजा? तू सांगितलेली शेवटची गोष्ट, आणि त्यालाही मी नाही म्हटलं.

तुला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी ओट्यावर गेले. मशीनचं झाकण काढलं नाही. फोन काढला आणि तो तबेला चढवला. म्हशींच्या पाठी, मध्ये सिमेंटचा हौद, मागे झाडं. "स्वतःचे काम" वर खूण केली, नेहमी करायचो तशी. तुझं काम केलं, एवढंच डोक्यात होतं.

त्यानंतर रानजाईने तुझ्या चर्चा पानावर लिहिलं. पवईला ज्ञानकोशवाल्यांची कार्यशाळा झाली तिथे तुला भेटलेली ती मुलगी, रानजाई हे तिचं तिथलं नाव. तिला कुठून तरी कळलं होतं. "आपल्या झेरॉक्सवाली गेल्या. श्रद्धांजली." सोबत तू गेलीस ती तारीख. आणि त्याच्या खाली कातळ. "या बातमीला संदर्भ नाही. रानजाई ज्या दिवशी त्या गेल्याचे म्हणतात त्यानंतर याच खात्यावरून आरेचे छायाचित्र चढले आहे. जिवंत व्यक्तीच्या पानावर असा मजकूर ठेवता येणार नाही." त्याने श्रद्धांजली काढून टाकली. रानजाईने माफी मागितली, माझ्या ऐकण्यात घोळ झाला असेल म्हणाली. खाली कातळने आणखी एक ओळ घातली होती. "आमचे भांडण अर्धवट आहे. ते मिटवल्याशिवाय या बाई जाणाऱ्यातल्या नाहीत."

ते वाचून मला काय वाटलं ते तुला सोडून कुणाला सांगणार? मला बरं वाटलं. हॉलमध्ये सगळ्यांनी तुला हार घातला, स्मशानात मी स्वतः पाहिलं, आणि तरी एक जागा अशी होती की जिथे शहाणीसुरती माणसं पुराव्यानिशी सांगत होती की तू आहेस. तेव्हाच लिहायला हवं होतं. दोन ओळींचं काम होतं. मी लिहिलं नाही. कामाला बसले की फोन उघडायचे, वर तुझं नाव असायचं, झेरॉक्सवाली, आणि मी ते बघत बसायचे. शेजारी तुझं शटर बंद. मालकाने त्यावर कागद चिकटवलाय, "कॉम्प्युटर ऑपरेटर पाहिजे". तुझ्याच प्रिंटरवर काढलाय.

कातळ लिहीत राहिला. "बाई, रुसलात काय?" मग, "गोराईच्या लेखातले ते वाक्य आपण उत्तर देईपर्यंत मी काढत नाही." मग, "प्रकृती बरी आहे ना? कळावे." तुझ्या नावाशेजारी निरोपांची घंटा असते, तिच्यावरचा लाल आकडा वाढत गेला. मी एकदा त्याच्या निरोपाला तुझ्याकडून धन्यवाद देणार होते. तिथे तसं बटण असतं. बोट अगदी जवळ नेलं होतं. मग स्वतःचीच भीती वाटली आणि फोन मशीनच्या खणात टाकला.

तुझ्या आईकडे गेले होते. त्यांनी चहा केला आणि विचारलं, "त्या कम्पुटरवर एवढं काय करायची गं ती? घरी आली की फोनमध्ये पण तेच." मी त्यांना दाखवलं. तुझे लेख, ते फोटो. त्यांना वाचता येत नाही, त्या बोट लावून विचारत होत्या.

"हे तिचं नाव का?"

"हो मावशी."

"आन ही लाल खूण कशाची?"

"कुणीतरी हाक मारतंय तिला."

मग म्हणाल्या, "चालूच राहू दे हे. बंद नको करू पोरी."

मी हो म्हटलं. तुला नाही म्हटलं होतं, त्यांना हो म्हटलं.

आणि परवा कातळचा निरोप आला. "पुढील आठवड्यात लेकीकडे ठाण्यास येत आहे. मुलुंडला आपले दुकान कोठे ते कळवावे. एकदा समोरासमोर भांडू." मी तेव्हापासून जेवलेली नाही. माझ्या डोळ्यांपुढे एक म्हातारा माणूस येतो, हातात पिशवी, पिशवीत तुला दाखवायला आणलेलं एखादं पुस्तक, गल्लीत विचारत विचारत आलेला, आणि त्या कागद चिकटवलेल्या शटरसमोर उभा. शेजारच्या ओट्यावर मी असणार. तो मला विचारणार. मी काय करू, मान खाली घालून फॉल लावत बसू?

आणि सांगितलं तर? सांगितलं तर पहिला प्रश्न, मग आरेचा फोटो कोणी चढवला. मी. आणि त्याच्या आधीचे? ते पण मी. मग इतकी वर्षं चित्राखाली जे लिहिलं ते खोटं. तू खोटी. जो माणूस एका शब्दाचा पुरावा मागतो त्याच्यापुढे, आणि तुला उत्तर द्यायला तोंड नाही. तूच मला सांगितलं होतंस, चित्र खरं कोणाचं ते पक्कं नसेल तर ते काढून टाकतात. म्हणजे विहीर जाईल, धक्का जाईल, बाजार जाईल, तलाव जाईल. आपले सगळे सोमवार जातील. न सांगावं तर तुला असं भुतासारखं त्या घंटेमागे उभं करून ठेवायचं आणि त्या माणसाला भांडणाची वाट बघायला लावायची. कुठूनही गेलं तरी तूच जातेस. वाट लागली माझी, सुजा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढंच ना? थांब, मी लिहिते." सारखं तेच ऐकू येतं, मी लिहिते, मी लिहिते.

काल इथे थांबले होते. आज दुपारी मी लिहिलं.

आधी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि मग बघून बघून फोनवर टाइप केलं, तुझ्याच खात्यातून, कारण माझं खातं नव्हतंच. "मी झेरॉक्सवाली नाही. तिचं नाव सुजाता. सुजाता वारली. मी तिच्या शेजारी फॉल-पिको करते. आरेचा फोटो मी चढवला कारण तिने सांगितलं होतं. आधीचे फोटो पण मी काढलेत. ती मला नाव लिही म्हणायची, मी लिहू दिलं नाही. लेख सगळे तिचे आहेत. फोटो राहू द्या." शुद्धलेखन बघितलं नाही. बघत बसले असते तर पाठवलंच नसतं.

एक बाई साडी घेऊन आली, तिला मी उद्या या म्हटलं. मग कातळ.

"मग माझ्याशी भांडत कोण होते?"

मी लिहिलं, "तीच. मला भांडता येत नाही."

त्याने मग विचारलं, कशाने गेल्या, कधी. मी सांगितलं. त्यावर त्याने लिहिलं, "त्याच दिवसांत मी त्यांना कठोर शब्दांत लिहिले होते. त्यांनी ते वाचले का?" मला माहीत नाही, सुजा. तू दवाखान्यात फोन बघत होतीस का, मला माहीत नाही. मी लिहिलं, "वाचलं नसेल. वाचलं असतं तर उत्तर दिलं असतं." एवढं मी माझ्या मनाने लिहिलं. चुकलं असेल तर सांभाळून घे. या वेळी त्याने "कळावे" लिहिलं नाही.

मग त्याने जे करायचं ते केलं. तुझ्या पानावर वर लिहिलं की या सदस्य आता हयात नाहीत. रानजाईची श्रद्धांजली जशीच्या तशी परत ठेवली. आणि तुझं खातं बंद झालं. गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी काही करू नये म्हणून बंद करतात, असं त्याने मला आधी समजावून सांगितलं होतं. मी फोन हातात धरूनच बसले होते. वर झेरॉक्सवाली लिहिलेलं होतं, ते गेलं, आणि तिथे "प्रवेश करा" असं आलं. मी कुठे प्रवेश करू? तुला नेताना मी रडले नव्हते. मिलिंद म्हणाला पण होता, शैलाताई, रडून घ्या. आज ओट्यावर, भर बाजारात, तोंडात पदर धरून रडले. तू मेलीस हे त्यांना सांगणारी मीच निघाले. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी ती लाल खूण विचारली तर मी काय दाखवू?

फोटोंचं त्याने सांगितलं, राहतील. पण ज्याने काढले त्याच्या नावावर. माझं खातं उघडायला लावलं. नाव काय ठेवू सुचेना, म्हणून शैला ठेवलं. मी खूप विनवलं. लिहिलं, जागा तिने शोधल्या, होडीची तिकिटं तिने काढली, माणसांशी ती बोलली, मी नुसती मागे उभी असायचे. दोघींची नावं लिहा. तो म्हणाला, "बटण कोणी दाबले?" मी म्हटलं, मी. "मग आपले." वर म्हणाला, त्या असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मला राग आला, कारण खरं होतं.

आता प्रत्येक फोटोखाली मला लिहावं लागतंय, हा मी काढला. मी लिहिते आणि तुझं नाव जातं, माझं येतं. बाजार. पवईचा बांध. पाड्यावरची विहीर. तू मला किती वेळा सांगितलंस तेव्हा केलं असतं तर तू शेजारी बसून हसली असतीस आणि दोन वडापाव मागवले असतेस. आज मी एकटी, एकेका चित्राखालून तुला पुसतेय. चित्रं वाचवायची असतील तर हेच करावं लागतंय.

गोराईच्या फोटोंमध्ये एक आला आणि मी थांबले. बोंबील वाळत घातलेले बांबू, खाली वाळू, आणि एका बाजूला एक बाई पाठमोरी, पदर कमरेला खोचून वाकलेली, हातात फोन. ती मी आहे. मला फोटोत येणं आवडत नाही हे माहीत असून तो तू कधी काढलास, कधी चढवलास, मला पत्ता नाही. मी खाली लिहिलं, "हा माझा नाही."

कातळने विचारलं, "मग कोणाचा?"

"सुजाताचा."

"ठीक आहे. मग तो त्यांच्याच नावावर राहील."

थोड्या वेळाने त्याने परत लिहिलं, "यातल्या बाई इतक्या वाकून कशाचे छायाचित्र घेत आहेत?"

मी तो मोठा करून बघितला. माझ्या पुढे वाळू दिसते, बांबूची सावली दिसते, बाकी माझ्या पाठीआड आहे. त्या दिवशीचे माझे सगळे फोटो परत काढून बघितले. त्यात तिथला एकही नाही. म्हणजे मी वाकले, बघितलं, आणि बटण दाबलंच नाही. काय होतं तिथे? मला खरंच आठवत नाही. तू माझ्या मागेच उभी होतीस, तुला दिसलं असणार.

मी त्याला लिहिलं, "माहीत नाही. तिला विचारायला हवं होतं."